शुश्रूषेचा अधिकार

मराठी बोलण्यात ‘हार्ट फेल झाले’ या शब्दांचा अर्थ एकच आहे : माणूस गेला. वृत्तपत्रांतील निधनवार्तांत ‘हृदयक्रिया बंद पडून’ हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या याच अर्थाने छापले गेले. त्यामुळे वैद्यकशास्त्र ज्याला ‘हार्ट फेल्युअर’ म्हणते तो आजार घेऊन एखादा वृद्ध रुग्णालयातून आपल्या पायांनी चालत घरी येतो, तेव्हा पहिला पेच भाषेपुढेच पडतो. आजाराचे नाव मृत्यूचे, आणि रुग्ण तर ओसरीवर बसून चहा मागतो आहे. डॉक्टरांनी या पेचावर आपल्या परीने तोडगा काढला आहे. ते रुग्णाला आजाराचे नाव सांगत नाहीत. ‘पंपिंग कमी झाले आहे’ असे सांगतात. हृदयाच्या डाव्या कप्प्यातील रक्तापैकी किती रक्त प्रत्येक ठोक्याला बाहेर फेकले जाते, त्याचे हे प्रमाण. निरोगी हृदयातही ते साधारण ५५ ते ७० टक्क्यांच्या घरात असते. शंभर टक्के ते कोणाचेच नसते. पण हे घरी कोणी समजावून सांगत नाही. पस्तीस गुणांना उत्तीर्ण होण्याची सवय असलेल्या समाजाने ‘पंपिंग तीस टक्के’ हे शब्द ऐकले की तो मनोमन निकाल लावून मोकळा होतो. मग मुलगा ती फाईल कपाटाच्या वरच्या खणात ठेवतो आणि वडिलांना सांगतो, ‘सगळे ठीक आहे, फक्त जपायचे.’

जपायचे म्हणजे काय करायचे, आणि जपणाऱ्याला ज्याला जपायचे त्याच्यावर कोणता अधिकार पोहोचतो, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती वाटतो. नीतिविचाराच्या ग्रंथांत त्याला फारशी जागा मिळालेली नाही. न्याय, सत्य, अहिंसा यांची चर्चा राजसभेत आणि रणांगणावर झाली. स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीपाशी ती क्वचितच झाली. वास्तविक तिची तिथेच अधिक गरज आहे.

या आजाराची लढाई प्रामुख्याने घरातच होते, ही गोष्ट आकड्यांनीही स्पष्ट केली आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील अठरा रुग्णालयांत २०१३ या वर्षी या आजाराने दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवण्यात आली. त्यांचे सरासरी वय एकसष्टच्या आसपास होते, म्हणजे पाश्चात्त्य देशांतील रुग्णांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी. दाखल झालेल्यांपैकी सुमारे साडेआठ टक्के रुग्णालयातच दगावले. वर्षअखेर मात्र मृतांचे प्रमाण तीस टक्क्यांच्या पुढे गेले. म्हणजे रुग्णालयाच्या खाटेवर जितके गेले त्यांच्या दुपटीहून अधिक घरी परतल्यानंतरच्या महिन्यांत गेले. उलट बाजूचा पुरावाही आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथे सत्तरी गाठलेल्या व ओलांडलेल्या २८२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. परिचारिकेने रुग्णाला व कुटुंबाला आजार समजावून सांगितला, आहाराची घडी बसवून दिली, गोळ्यांची छाननी झाली, आणि घरी गेल्यावर भेटी व दूरध्वनी चालू राहिले. एवढ्यानेच पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण लक्षणीय घटले.

घराने शिकायची विद्याही तशी अवघड नाही. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करायचे. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते मांस नव्हे, अंगात साठलेले पाणी आहे, हे ओळखून डॉक्टरांना कळवायचे. नडगीवर बोट दाबले असता खड्डा राहतो का, ते पाहायचे. काल दोन उशांवर झोपणारा माणूस आज तिसरी मागतो का, हे लक्षात ठेवायचे. आडवे झाल्यावर दम लागणे ही या आजाराची जुनी खूण आहे. लघवी वाढवणारी गोळी सकाळी द्यायची, म्हणजे रात्र न्हाणीघराच्या वाटेत जात नाही. गुडघ्यासाठी शेजाऱ्याने सुचवलेली वेदनाशामक गोळी मात्र द्यायची नाही, कारण अशा गोळ्यांपैकी पुष्कळशा शरीरात मीठ व पाणी अडवतात. कोणत्याही शहाण्या गृहिणीला हे एका दुपारी समजू शकते. अडचण समजण्यात नाही.

एखादे मध्यमवर्गीय मराठी घर डोळ्यांपुढे आणावे. निवृत्त शिक्षक, वय पंचाहत्तर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासलेला माणूस. घरी आल्यानंतरच्या आठवड्यात त्यांच्या ताटातून लोणचे, पापड, चटणी एकेक करून नाहीशी होतात. कोणी काही बोलत नाही. सून आमटी दोन पातेल्यांत करते. बरणी फळीवरून शेजारच्या फ्लॅटमध्ये जाते. मुलगा कुठूनसे सैंधव आणतो, कारण ते ‘चालते’ असे कोणीतरी सांगितलेले असते. सैंधवही मुख्यतः तेच रासायनिक मीठ आहे हे त्याला ठाऊक नसते. अप्पांनी विचारले तर उत्तर ठरलेले : ‘आज मीठ कमी पडले वाटते.’ तेच उत्तर दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. ज्या भाषेत खाल्ल्या मिठाला जागण्याला निष्ठा म्हणतात आणि नीरस गोष्टीला अळणी म्हणतात, त्या भाषेतल्या माणसाच्या ताटातून मीठ काढून घेणे ही केवळ आहारशास्त्रीय घटना नव्हे. ते त्याला न सांगता काढून घेणे ही तर निश्चितच नव्हे.

अप्पाही काही कच्चे नाहीत. चार दिवसांत त्यांना सारे उमगते. मग तेही लपवू लागतात. रात्री दम लागला की उठून खुर्चीत बसतात, पण सकाळी ‘झोप छान लागली’ म्हणतात. कारण खरे सांगितले तर मुलाला रजा काढावी लागेल, पुन्हा दाखल करतील, पुन्हा पैसा. पायांवरची सूज झाकायला मोजे घालतात. संध्याकाळी फिरायला जातो म्हणून कोपऱ्यावरच्या गाडीवर खारे दाणे खातात. घरात दोन्ही बाजूंनी प्रेमापोटी खोटे बोलले जात असते, आणि या दोन खोट्यांच्या मधल्या जागेत पाणी साचत जाते. शेवटी रुग्णवाहिका येते तेव्हा दोघांनाही आश्चर्य वाटते.

मराठी साहित्याने वार्धक्याचा विचार बहुतांशी दुसऱ्या टोकाकडून केला आहे. ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले, आणि मुलांच्या दारी उपरा झालेला बाप ही मराठी मनातील वार्धक्याची प्रतिमा ठरून गेली. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’तील वृद्ध जोडपे मुलांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले आहे. एकीकडे कृतघ्नता, दुसरीकडे अनुपस्थिती. अपराध स्पष्ट आहे आणि प्रेक्षकाला कोणाच्या बाजूने रडायचे हे ठाऊक आहे. पण ज्या घरात मुलगा हजर आहे, सून रात्री दोनदा उठून पाहते, औषधांचा डबा वारांनुसार भरलेला आहे, आणि तरीही म्हातारा माणूस आपल्याच घरात कैद झाल्यासारखा वाटून घेतो, त्या घराचे नाटक लिहिले गेल्याचे सहसा आढळत नाही. तिथे खलपुरुष नाही. प्रेमच पहारेकरी झालेले आहे. उपेक्षेविरुद्ध समाजाजवळ शब्द आहेत, २००७ सालचा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदाही आहे. अतिकाळजीविरुद्ध तक्रार करायला म्हाताऱ्याजवळ भाषाच नाही. तो तक्रार करील तर कृतघ्न ठरेल.

या ठिकाणी एका जुन्या शब्दाकडे वळणे उपयोगाचे ठरेल. आजाऱ्याच्या सेवेला मराठीत शुश्रूषा म्हणतात. शब्द संस्कृत आहे आणि त्याची घडण ‘श्रु’ या धातूच्या इच्छार्थक रूपातून झाली आहे. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. गुरूचे ऐकावे म्हणून त्याच्याजवळ राहणे, जवळ राहायचे म्हणून त्याची सेवा करणे, आणि मग सेवा हाच अर्थ, अशा वाटेने हा शब्द रुग्णाच्या खाटेपाशी येऊन पोहोचला. वाटेत त्याचा मूळचा कान मात्र हरवला. आज शुश्रूषा म्हटले की हात आठवतात : पाय चेपणारे, औषध देणारे, अंग पुसणारे. कान आठवत नाहीत. व्युत्पत्तीवरून नीतिशास्त्र सिद्ध होत नाही हे खरे. शब्दांच्या पोटातून तत्त्वज्ञान काढून दाखवण्याची आपल्याकडची हौस बरेचदा हास्यास्पद होते. तरीही येथे शब्द जे सुचवतो ते अन्य पुराव्यानेही टिकते.

तो पुरावा चरकसंहितेत आहे. चिकित्सेचे चार पाद तिने मानले : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रुग्ण. प्रत्येकाचे चार गुण सांगितले. परिचारकाच्या ठायी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हवी. इथवर नवल नाही. नवल आहे ते रुग्णाला चौथा पाद मानण्यात आणि त्याच्या गुणांत आपल्या आजाराविषयी सांगता येणे हा गुण घालण्यात. रुग्णाने स्मरण ठेवावे, सांगितलेले करावे, भिऊ नये, आणि बोलावे. आज्ञाधारकपणा आणि बोलकेपणा एकाच यादीत शेजारी शेजारी बसले आहेत. घरगुती शुश्रूषेत आपण पहिल्याचा आग्रह धरतो आणि दुसऱ्याची वाट बुजवून टाकतो. ज्याच्याशी खोटे बोलले जाते तो माणूस खरे सांगण्याचे सोडून देतो, हा काही अप्पांचा स्वभावदोष नाही.

सेवेचे मराठी आदर्शही या दृष्टीने पुन्हा तपासावेत असे आहेत. पुंडलिकाने आईवडिलांची सेवा चालली असताना दारी आलेल्या देवाला वीट फेकून दिली आणि थांब म्हणून सांगितले. अठ्ठावीस युगे तो देव विटेवर उभा आहे. देव काय बोलला, पुंडलिक काय बोलला, हे सारे महाराष्ट्राला पाठ आहे. त्या घटकेला आईवडील काय म्हणाले ते मात्र लोकप्रचलित कथा सांगत नाही. कदाचित ते म्हणाले असते, ‘बाळा, पाय नंतर चेप, आम्हांलाही देव पाहू दे.’ कथेला त्यांच्या बोलण्याची गरज नाही. तिला पुंडलिकाच्या भक्तीची थोरवी सांगायची आहे. ज्यांची सेवा झाली ते तिच्यात केवळ निमित्त आहेत.

श्रावणबाळाची कथा याहून वेगळी आहे. ती सांगताना तिच्यातील कारुण्यावरच भर दिला जातो, म्हणून तिचा खरा विशेष नजरेआड होतो. तिच्यातले आंधळे आईबाप बोलतात. त्यांना यात्रा करायची आहे, म्हणून कावड आहे. त्यांना तहान लागते, ते पाणी मागतात, म्हणून तो घडा घेऊन नदीवर जातो आणि दशरथाच्या बाणाने मरतो. त्याचे प्रत्येक पाऊल कोणाच्या तरी मागण्याला उत्तर म्हणून पडलेले आहे. श्रवण म्हणजे ऐकणे. त्याचे नाव त्या अर्थाने पडले असो वा नक्षत्रावरून, शोभते खरे. महाराष्ट्र शासनाने निराधार वृद्धांच्या निवृत्तिवेतन योजनेला त्याचेच नाव दिले आहे.

आणि हृदयविकाराच्या या रुग्णाच्या घरात नेमका हाच श्रावणबाळ अडचणीत सापडतो. कारण इथे आईबाप पाणी मागतात आणि चांगल्या मुलाने ते द्यायचे नसते. अंगात पाणी साठते म्हणून दिवसभरात दीड लिटर, एवढीच मुभा. गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, तहान आणखी वाढते. मोजलेली बाटली सकाळी भरून ठेवलेली असते आणि दुपारी चारलाच ती रिकामी होते. तहानलेल्याला पाणी नाकारणे हे आपल्या संस्कृतीतील मोठ्या पापांपैकी एक. इथे ते कर्तव्य म्हणून सांगितले जाते. ही क्रूरता ज्यांनी प्रेमाने केली आहे त्यांची मनःस्थिती समजून घेतल्याखेरीज त्यांना नीतीचे पाठ देण्यात अर्थ नाही.

मात्र या कर्तव्याच्या मागचे ज्ञान किती भक्कम आहे, हाही प्रश्न नीतीचाच आहे. नेदरलँड्समध्ये प्रकृती स्थिर असलेल्या ५०४ बाह्यरुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना दीड लिटरचे बंधन होते, निम्म्यांना हवे तेवढे पिण्याची मोकळीक. तीन महिन्यांनी दोहोंच्या प्रकृतीत अर्थपूर्ण फरक दिसला नाही. फरक दिसला तो तहानेच्या त्रासात, आणि तो बंधनात असलेल्यांना अधिक होता. मिठाबाबत सहा देशांतील ८०६ रुग्णांवरील चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. मीठ फार कडकपणे, दिवसाला जेमतेम पावणेचार ग्रॅमपर्यंत, उतरवल्याने मृत्यू किंवा इस्पितळाच्या वाऱ्या कमी झाल्याचे तिच्यात दिसले नाही. जीवनमान थोडे सुधारल्याचे मात्र दिसले. यावरून बरणी परत फळीवर ठेवावी असे ठरत नाही. पहिली चाचणी स्थिर रुग्णांची होती, पाय सुजून दम लागलेल्यांची नव्हे. दुसऱ्या चाचणीत ज्यांच्यावर कडक बंधन नव्हते तेही मुळात बेताचेच मीठ खाणारे होते. पापड-लोणच्याच्या स्वयंपाकघराला तो परवाना लागू होत नाही. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते आणि भारतीय ताट ती मर्यादा सहज ओलांडते. ठरते ते एवढेच की, घराघरांत ज्या ठामपणाने ‘नाही म्हणजे नाही’ म्हटले जाते तितका ठामपणा खुद्द शास्त्राजवळ नाही. ज्ञानाची खात्री अर्धवट आणि हुकमाची खात्री पूर्ण, अशी विषमता जिथे असते तिथे हुकूम करणाऱ्याने थोडे थांबायला हवे. बंधन कोणत्या कारणाने आहे, ते किती खात्रीचे आहे आणि या विशिष्ट माणसाला ते किती महाग पडते आहे, हे विचारल्याशिवाय ते लादण्याचा अधिकार नुसत्या प्रेमाने मिळत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो टाळण्याजोगा नाही. ऐकायचे म्हणजे मागेल ते द्यायचे काय? म्हातारा माणूस हट्टी असतो, विसराळू असतो. आजाराने कधी त्याचे भान हरपते. शिवाय त्याच्या हट्टाची किंमत तो एकटा देत नाही. खाऱ्या दाण्यांची पुडी तो खातो. मध्यरात्री रिक्षा शोधायला मुलगा धावतो, आठवडाभर इस्पितळाच्या बाकावर सून बसते, ठेव मोडावी लागते. ज्याला पाश्चात्त्य विचार व्यक्तीचे स्वातंत्र्य म्हणतो त्याची सीमा अशा घरात कुठे आखायची? अप्पांचे शरीर अप्पांचे खरे, पण ते शरीर ज्या घरात आहे ते घर पाच जणांचे आहे.

आक्षेप रास्त आहे. पण तो ऐकण्याच्या विरुद्ध जात नाही, उलट ऐकणे दोन्ही बाजूंनी हवे असे सांगतो. सुनेची थकावट अप्पांना कोणी सांगितली आहे? त्यांना ती दिसते, पण सांगितली जात नाही; कारण सांगणे म्हणजे उपकार मोजून दाखवणे असे समजले जाते. रुग्णाला रुग्ण म्हणून सवलत देताना त्याच्याकडून माणूस म्हणून असलेली अपेक्षाही काढून घेतली जाते, आणि हा अपमान सेवेच्या नावाने होत असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. बंधन उघडपणे घालणे आणि गुपचूप घालणे यांत परिणामाचा फरक कदाचित नसेल, पण नात्याचा आहे. उघड बंधनाशी भांडता येते. ‘रविवारी एक फोड लोणच्याची, आणि सोमवारी काटा काय म्हणतो ते तुम्हीच वाचा,’ असा करार ज्या घरात होतो त्या घरात बरणी शेजारी पाठवावी लागत नाही. बहुतेक घरांत वजनाची वही मुलगा लिहितो. ती ज्या दिवशी अप्पांच्या हातात जाते त्या दिवशी, इतकी वर्षे दुसऱ्यांच्या वह्या तपासलेल्या माणसाला, आपली वही खोटी लिहिणे कठीण जाते. आकडा वाढला की ते स्वतःच सांगतात. भान हरपलेल्या माणसाची गोष्ट निराळी. तिथे दुसऱ्याने ठरवणे अपरिहार्य आहे. पण विसराळूपणाचे निमित्त करून जे पंचाहत्तरीच्या शहाण्या माणसाच्या बाबतीत केले जाते, ते बहुधा वेळ वाचवण्यासाठी केलेले असते. समजावून सांगायला अर्धा तास लागतो. बरणी लपवायला अर्धे मिनिट.

तो अर्धा तास कोणाजवळ आहे, याचा हिशेबही मांडायला हवा. ‘मुलगा सेवा करतो’ असे बोलण्याची रीत आहे. हात बहुधा बाईचे असतात. देशभर २०१९ साली झालेल्या वेळवापराच्या सरकारी पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात असल्याचे आढळले, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. घरातील माणसांची विनावेतन काळजी घेणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा १३४ मिनिटांचा होता, पुरुषांचा ७६ मिनिटांचा. जिच्या दिवसातले पाच तास आधीच गेलेले आहेत तिच्याकडून कानही मागणे ही चैन आहे, असे कोणी म्हटले तर ते खोडून काढणे सोपे नाही. पुरुषांनी आपले हात दिल्याशिवाय स्त्रियांना कान देता येणार नाहीत.

यातून वाट म्हणून शहरांत ‘ब्युरो’ आले. बारा तासांची पाळी, ठरलेला दर. सकाळी एक मावशी येते, रात्री दुसरी. चरकाने परिचारकाच्या ठायी मागितलेला अनुराग पैशाने मिळेल का, असा प्रश्न सुशिक्षित घरांतून कुत्सितपणे विचारला जातो. विचारणाऱ्यांचा समज असा की रक्ताच्या नात्यात तो आपोआप असतो. अनुभव निराळे सांगतो. मुलाला जे सांगता येत नाही ते अप्पा मावशींना सांगतात. रात्री खुर्चीत बसून काढल्याचे, मोज्यांखालच्या सुजेचे, मरणाच्या भीतीचे. मावशींना सांगितल्याने त्यांची रजा वाया जात नाही, त्यांच्या डोळ्यांत पाणी येत नाही, आणि त्या ‘असे बोलू नये’ म्हणत नाहीत. परकेपणा कधी कधी कानाला मोकळे करतो. पण या मावशींना दिवसाअखेरी घरातले कोणी विचारत नाही, ‘आज काय म्हणाले?’ त्यांना विचारले जाते ते गोळ्या दिल्या का, जेवले का, एवढेच. जिने दिवसभर ऐकले तिचे कोणी ऐकत नाही. आणि तिच्या घरी तिची सासू कोणाच्या भरवशावर आहे, हा प्रश्न तर त्या दिवाणखान्यात उठतच नाही.

परकेपणाच्या या गुणाचा विचारपूर्वक उपयोग केरळात झाला. कोळिकोड येथे १९९३ साली वेदनाशामक व उपशामक सेवेची एक संस्था निघाली. सुरुवातीला ती मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांसाठी होती. पुढे गावोगावच्या स्वयंसेवकांनी ती उचलून धरली आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या इतर रुग्णांपर्यंत नेली. २००८ साली राज्य शासनाने उपशामक सेवेचे धोरण जाहीर केले, असे करणारे ते देशातील पहिले राज्य. शिक्षक, दुकानदार, निवृत्त कारकून असे साधे लोक आठवड्यातले काही तास देतात आणि परिचारिकेबरोबर घरोघर जातात. परिचारिका रक्तदाब मोजते, जखम धुते, स्वयंसेवक बसतो. त्याला शिकवलेल्या गोष्टींत बसणे आणि ऐकणे याही आहेत. ऐकणे हा स्वभावाचा भाग नसून शिकण्याचे काम आहे, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

या सर्वाची खरी कसोटी उशिरा येते. चौथ्यांदा दाखल होऊन परतलेला वृद्ध एखाद्या निवांत दुपारी, श्वास मोकळा असताना, म्हणतो, ‘आता पुन्हा तिकडे नको.’ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, आगाऊ इच्छापत्राची वाट उघडली, आणि २०२३ साली तिची कार्यपद्धती सोपी केली. पण हा आजार कायद्याच्या चौकटीत नीट बसत नाही. तो एका उतारावरून सरळ खाली जात नाही. कोसळतो, सावरतो, पुन्हा कोसळतो. प्रत्येक वेळी वाटते ही शेवटची, आणि पुष्कळदा ती शेवटची नसते. म्हणून ‘नको’ म्हणणाऱ्याचे ऐकणारा मुलगा आणि न ऐकणारा मुलगा, दोघेही रात्री दोन वाजता अपराधी असतात. त्या वेळी दमाने व्याकूळ झालेले तेच वडील हात धरून ‘घेऊन चल’ म्हणतात. दुपारचे ‘नको’ खरे की रात्रीचे ‘चल’?

या दोहोंतून एक निवडणे म्हणजे ऐकणे नव्हे. दुपारी ‘नको’ म्हटले तेव्हाच, नेमके काय नको, हे कोणी विचारले होते का? नको होते ते कदाचित रुग्णालय नव्हे. काचेपलीकडची एकटी खाट, बांधलेले हात, नाकातली नळी, आणि भेटीच्या ठरलेल्या वेळा. कदाचित खर्च. कदाचित मागल्या खेपेस शेजारच्या खाटेवरचा माणूस पहाटे गेला, ते पाहिलेले. प्रत्येकाचे उत्तर निराळे आहे आणि त्यांतल्या बहुतेकांवर काही ना काही तोड निघू शकते. घरी येऊन शिरेतून औषध देणारी परिचारिका, प्राणवायूचे यंत्र, दम कमी करण्याचे उपाय, आणि खाटेशेजारी आपले माणूस, एवढे जमले तर ‘नको’ आणि ‘चल’ यांच्यात तितके अंतर उरत नाही. मलबारातील काही पंचायतींत ते काही प्रमाणात जमते. महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांच्या गावी रात्री दोन वाजता फिरवण्याजोगा क्रमांक एकच असतो, १०८. आणि ती गाडी रुग्णालयाकडेच जाते.